मोजणीचा दिवस

खोक्यावरच्या चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, नखाएवढं, आणि गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी ते जरा उचललं जाई, पुन्हा बसे. त्याचा अंगठा आपसूक तिकडे गेला — सोळा वर्षं पार्सलं वाटून अंगठ्याला लागलेली सवय — आणि मधेच थांबला. आज मालाला हात लावायचा नाही. मोजणाऱ्याने ओझं उचलायचं नाही, दार उघडायचं नाही, 'सावकाश' म्हणायचं नाही की 'लवकर' म्हणायचं नाही. घड्याळाची कळ दाबायची आणि कागदावर आकडा लिहायचा, बस्स. हा नियम त्यानेच वाटाघाटीत घालून घेतला होता.

"पहिलं दार आलं, सेक्रेटरी," गाडी थांबवत मास्तर म्हणाले. "तयार आहात ना?"

आहात... याच गाडीत दोघे अकरा वर्षं शेजारी बसले होते. पत्त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात म्हणून ते मास्तर, आणि तो 'गाढवा'. 'गाढवा, जिना चढताना ओझं छातीशी धर, पोटाशी नको' हे त्यांनीच शिकवलेलं. युनियनने त्याला सेक्रेटरी निवडलं त्या आठवड्यापासून मात्र 'बसा', 'घ्या', 'आहात'. तेव्हा वाईट वाटलं होतं का? खरं सांगायचं तर थोडं छानच वाटलं होतं.

मास्तर उतरले, दोन खोकी छातीशी घेतली आणि चक्क पळत सुटले. घड्याळ हातात धरून तो त्यांच्यामागे. दोन मजले, घंटा, सही, परत. एक्कावन्न सेकंद.

त्याने आकडा दोनदा वाचला, मग लिहिला.

कंपनीचं म्हणणं होतं, खर्च उतरला नाही तर माल दुसऱ्याकडे जाईल. गिऱ्हाइकांचं म्हणणं, पार्सल वेळेवर येत नाही. आणि युनियनचं, आठ तासांवर एक मिनिट नाही. एक ओढावं तर दुसरं निसटत होतं. तीन महिने तो या तिन्हींच्या मधे बसून थंड चहा पीत होता. संगणकाने दर दारामागे साठ सेकंद काढले, तेव्हा टेबलावर हात आपटून तोच म्हणाला होता, "यंत्राची वेळ आम्हाला मान्य नाही. जिना माणूस चढतो, माणसाने मोजा!" कंपनीने मान्य केलं. मोजून येईल तो आकडा दोघांनाही बंधनकारक, आणि कोणाला मोजायचं ते युनियनने ठरवावं. डेपोच्या अंगणात टाळ्या वाजल्या होत्या. मग कमिटीच्या खोलीत दार लोटून कोणीतरी म्हणालं, "मास्तरांना घ्या, एका दाराला दिवस काढतील," सगळे हसले, आणि मास्तरांचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. गुडघा दुखतो म्हणून. साठी जवळ आली म्हणून. दारोदार गप्पा मारत उभे राहतात म्हणून.

पाचवं दार, सत्तेचाळीस. नववं, पन्नास. गुडघ्याचं काय झालं या माणसाच्या?

बाराव्या दाराशी एक म्हातारी औषधांचं पाकीट घेऊन तशीच उभी राहिली. "यावरची तारीख वाचून दाखवता ना? नेहमीसारखी?"

"आज नाही जमायचं, ताई. आज मोजणी आहे."

"कसली मोजणी?" तिने विचारलं, पण मास्तर खाली पोचलेही होते. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मला वाचता आली असती ती तारीख. तिथेच तर उभा होतो मी... सहा आकडे, फार तर चार सेकंद.

तिसाव्या दारानंतर तो जिन्याच्या वळणावर आला तेव्हा मास्तर खालच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते. त्याची चाहूल लागताच ताडकन उठले आणि बुटाची नाडी नीट केल्यासारखं केलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने नियम मोडायचं ठरवलं. डबा उघडला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "एवढं पळताय कशाला? रोजच्यासारखं चाला की."

मास्तर हसले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. "रोजच्यासारखं चालून कसं चालेल? शंभर माणसांत तुम्ही मला निवडलंत. पोरीने विचारलं, बाबा, तुम्हालाच का? म्हटलं, गाढवाला... म्हणजे सेक्रेटरींना ठाऊक आहे, काम कोणाला येतं. तुमची मान खाली जाऊ देणार नाही मी."

आता सांग. इथेच. सांग की तुम्हाला घेतलं ते पाय ओढता म्हणून, खोलीत आम्ही हसलो म्हणून. एका वाक्यात शंभर जणांचे गुडघे वाचतील... त्याने तोंड उघडलं.

"पाणी प्या जरा," तो म्हणाला.

संध्याकाळी ऐंशी दारांची सरासरी निघाली, अठ्ठेचाळीस. यंत्रापेक्षा बारा सेकंदांनी कमी. उद्यापासून हा आकडा सगळ्यांचा — कंबर धरून चढणाऱ्याचा, नुकत्याच बाळंतपणाहून परतलेलीचा आणि स्वतः मास्तरांचाही, रोज, पाऊस असो की ताप. कागद मांडीवर होता. दुसरा आकडा लिहिता आला असता, ऐंशी, नव्वद, कोण तपासणार होतं! पण मास्तर वाकून कागदच पाहत होते.

"अठ्ठेचाळीस!" ते म्हणाले. "या वयात! बघा."

क्षणभर त्याला त्यांचा राग आला. मग रागही गेला आणि तिथे काहीच उरलं नाही. मास्तरांनी सही केली, शुद्ध, वळणदार अक्षरात. खाली त्याने केली.

परतीच्या वाटेवर मास्तर बोलत होते. गुडघ्यावर हात ठेवून, मजेत. पोरीबद्दल, तिच्या नव्या नोकरीबद्दल, तिला आज काय सांगायचं त्याबद्दल. तो मान हलवत होता. असा निवांत आवाज त्याने त्यांच्या तोंडून दोन वर्षांत ऐकला नव्हता... ऐकायला हवा होता, आणि तो ऐकत नव्हता. पोरीचं नाव निघालं तेव्हापासून आपण मनात सेकंद मोजतोय, हे त्याच्या लक्षात आलं. नव्वदच्या वर गेले होते. थांबायचं कसं ते त्याला सुचेना. मास्तर बोलायचे कधी थांबतात, याचीच तो वाट पाहत होता.