अबोल्यातलं ब्रेक ऑइल

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट सांगतो. लहान आहे, पण मन लावून ऐका.

आमच्या शेजारी एक सुतार राहायचा. घर चढावर, गाडी फाटकातून निघाली की थेट उतार, खाली मोठा रस्ता. गाडीचं ब्रेक ऑइल तो दरवर्षी घरीच बदलायचा. काम दोघांचं. बायकोने आत बसून पेडल दाबून धरायचं, याने चाकाशी आडवं होऊन ऑइल सोडायचं छोटं निपल पान्याने सैल करायचं. काळपट ऑइल नळीतून बाटलीत उतरलं की निपल आवळायचं, मग तिने पाय उचलायचा. मधूनमधून तो ओरडायचा, "डबी बघ गं!" की ती उतरून बॉनेटखालच्या डबीत नवं ऑइल ओतायची. डबी रिकामी पडली तर ब्रेकमध्ये हवा शिरते, आणि हवेवर गाडी थांबत नाही, बाबांनो.

त्या वर्षी मात्र दोघांत अबोला होता. तिच्या भावाला तो चारचौघांत टाकून बोलला होता.

"आई, तिला सांग, दाब म्हणावं."

"सासूबाई, त्यांना सांगा, दाबलाय."

पायरीवर शेंगा सोलत बसलेली म्हातारी वैतागली. "मी काय पोस्टमन आहे? एका गाडीला दोन मुके!"

"आई, सोड म्हणावं."

"सोड गं बाई. आणि तूही सोड रे, तो राग!"

कुणी हसलं नाही. शेंगा संपल्या, म्हातारी आत गेली. निरोप्याच उरला नाही. मग त्याने पान्याने टकटक सुरू केली. एकदा म्हणजे दाब, दोनदा म्हणजे सोड. ती समजली, संसार जुना होता. पण डबीची खूण काही ठरली नव्हती. तो म्हणाला नाही, तिने विचारलं नाही.

शेवटच्या चाकाला पेडल तिच्या पायाखाली मऊ पडलं, पार तळाला टेकलं. शब्द ओठांपर्यंत आला होता. 'त्यांना सगळं कळतं ना? मग हेही कळेल.' ती उतरली आणि घरात गेली.

डबीतलं ऑइल तळाला गेलेलं पाहून तो थबकला. पेडल कसं लागत होतं, हे तिला विचारायचं होतं. पण आधी माघार कुणी घ्यायची? त्याने डबी भरली, आत बसून पेडल भराभर हापसलं. घट्ट लागलं. हवा असली तरी हापसल्यावर घटकाभर घट्ट लागतंच.

इंजिनाचा आवाज ऐकून ती अनवाणी धावली. "अहो! अहो, थांबा! ब्रेक..."

गाडी फाटकाबाहेर गेली होती. मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, पुन्हा विझले. वेग काही कमी होईना. मग खालून कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक.

तो गेला. त्याच्यासाठी सगळेच हात जोडतात. तिला मात्र लोक विचारतात, "पेडलवर तूच होतीस ना?" ती कुणाशीच बोलत नाही आता. तेव्हा निजताना तिची आठवण काढा. देवाला म्हणा, तिच्याशी आधी तूच बोल.