दाजींच्या मागे घर कोणाचं?

सावित्रीने पेज ठेवली, आणि रोजच्यासारखेच मूठभर तांदूळ जास्त पडले. तिचा नवरा, दाजी, जाऊन पावसाळा सरत आला, पण हाताला ते कोण सांगणार? तारकर्लीच्या माडांमधलं हे चिऱ्यांचं घर नवराबायकोने स्वतःच्या कमाईने, विकत घेतलेल्या जागेत बांधलेलं. मूलबाळ नव्हतं. दाजी होते तोवर पडवीत माणसांचा राबता असायचा. ते गेले आणि गावाने तिलाही पोचवून टाकलं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, बारशाला नाही. माणसाच्या आवाजासाठी तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

मोठे दीर भाई हे बरोब्बर ओळखून होते. अधूनमधून येत, आणि विषय एकच काढत. नवरा गेला, पोटी वंश नाही, म्हणजे घर भावकीचं. त्यांच्यात पूर्वापार हीच रीत. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर दाजींच्या जागी कौस्तुभचं, म्हणजे भाईंच्या मुलाचं नाव लागणार, तिने फक्त संमतीची सही द्यायची. त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या.

"तू आमच्यातच रवतलस गो," भाई म्हणाले. "एकटी खंय रवतलस?"

त्यांच्यात राहायला मिळणार म्हणून तिने मान डोलावली. हाव तिला घराची नव्हती, माणसांची होती. कायद्याने घर तिचंच होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि जाणणारे गावात कमी नव्हते बरं!

सहीच्या दिवशी भावकी जमली. पडवी भरली, पोरं अंगणात धावू लागली, आणि सावित्री हरखून गेली. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, किती रांधू आणि किती नको असं झालं तिला. सहीआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. भाई तसे देवभोळे. माणसांना काहीबाही सांगतील, पण देवापुढे आडपडदा नाही. नारळ ठेवून ते हात जोडून उभे राहिले आणि एकेक मागणं मागू लागले.

"ह्या घर आजपासून कौस्तुभच्या नावार जाता, तेका बरकत दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि दाजीच्या बायलेक मागल्या मांगरात सुखान ठेव म्हाराजा."

मांगर म्हणजे घरामागची झावळांची खोपटी. लाकडं आणि फाटकी जाळी टाकायची जागा. 'आमच्यातच' म्हणजे हे होय! स्वयंपाकघराच्या दारात सावित्री झारा घेऊन तशीच उभी राहिली. पडवीत खाली बघत दोघाचौघांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलंच.

"नाय म्हाराजा," सावित्री म्हणाली.

बाईमाणसाने गाऱ्हाण्यात तोंड घालायचं? भाईंनी तिला गप्प राहायला दरडावलं. ती पुढे आली.

"ह्या घराचे चिरे मी डोक्यार वायले, भावोजी. मी सही करूचंय नाय."

भावकी उठली. मांडलेली पानं तशीच राहिली. तुला खांदा द्यायलाही कोणी येणार नाही, असं बजावून भाई पायऱ्या उतरले. घर पुन्हा गप्प झालं, आणि त्या रिकाम्या पंगतीत बसून ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी मात्र पदर खोचून, घर कोणाच्या नावावर लागतं ते विचारायला ती ग्रामपंचायतीत गेली. सासूसासरे हयात आहेत का, मूल आहे का, सगळं ग्रामसेविकेने विचारून घेतलं. तसं कोणीच नव्हतं.

"मग वारस तुम्हीच, काकी. दिरांची संमती लागतच नाही."

इतकं साधं होतं! थोड्या खेपा पडल्या, पण घरपत्रकावर सावित्रीचं नाव लागलं.

आज घर तिच्या नावावर आहे, आणि घरात ती एकटी आहे. भावकी येत नाही, समजलं. त्यांचं भांडण आहे. पण आपण तर शेजारी. आपलं तिच्याशी कधी वाजलं? हळदीकुंकवाचं बोलावणं करत आपण तिच्याच दारावरून पुढे जातो. मग आपण तिथे का थांबत नाही?