परत

भाऊजींनी काकडी सालासकट चिरायला घेतली आणि तिच्या तोंडून "अहो!" निसटलंच.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. चालू द्या तुमचं."

ती ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि गळ्यात झोळी. चार दिवसांपूर्वी नवऱ्याची बशी बाहेरच्या खोलीतून घाईघाईने आत आणताना ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. धाकट्या दिराला कळलं, तसा तो रजा टाकून पिशवी घेऊन दारात हजर. बसडेपोत मेकॅनिक, एकटा जीव. दहा वेळा साबण लावला तरी नखांतलं ग्रीस जात नाही, पण मनाने सरळ माणूस. आज चारच्या खाण्याला सँडविच मीच करतो म्हणाला.

आणि करत होता! पाव सकाळचा, ताजा, सुरी लावली की दबणारा. लोण्याचा गोळा मधोमध थापलेला, कडेला टिपूस नाही. टोमॅटो बियांसकट, पाणी गळणारा. कडा तर त्याने कापल्याच नाहीत. शेवटी सुरीने मधूनच सरळ दोन तुकडे केले, तेही एक मोठा, एक लहान.

तिला बघवेना. काटकोनरावांच्या घरात असलं सँडविच!

तिच्या नवऱ्याला हे नाव ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं. माणूस ड्राफ्ट्समन, जन्मभर पट्टी आणि टोकदार पेन्सिल हातात. त्याचं सँडविच म्हणजेही नकाशाच. पाव कालचा हवा. लोणी चारी कोपऱ्यांपर्यंत. काकडी सोलून, पातळ चकत्या करून, मीठ लावून फडक्यात टिपलेली. कडा कापायच्या त्या सगळं भरून झाल्यावर, आधी नाही. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच वार, बरोबर त्रिकोण. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी डब्यात सँडविच तसंच्या तसं घरी आलं होतं, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सँडविचची आकृती, एका कोपऱ्याला बाण, आणि सुबक अक्षरात लिहिलेलं, 'इथे लोणी नाही.' तिने ती चिठ्ठी बहिणीला कौतुकाने दाखवली होती. बघ, माझ्याकडे किती बारीक लक्ष आहे यांचं!

पुढे ते चारला घरीच येऊन खायला लागले, चिठ्ठ्या बंद झाल्या आणि एक शब्द उरला. मनासारखं नसलं की काटकोनराव बशी दोन बोटांनी पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "परत." आवाज चढवायचा नाही, शिवी नाही. नुसतं परत. मग ती बशी उचलायची, आत यायची, नव्याने करायची. कापलेल्या कडा ओट्याशी उभ्याने चहात बुडवून खायची. चौतीस वर्षं तिचं चारचं खाणं तेवढंच.

पण त्याचा अभिमानही होता तिला, खोटं कशाला बोला. यांना माझ्याच हातचं लागतं, हे ती जिथे तिथे सांगायची. त्या एका वाक्यापायी बहिणीकडे कधी चार दिवस राहिली नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही सकाळी जायची आणि तीनच्या आत घरी. आई गेली ती पावणेचारला.

"जाऊ घेऊन?" भाऊजींनी विचारलं.

"जा. आणि हे बघा, ते काही बोलले तर मनाला लावून घेऊ नका."

भाऊजी बशी घेऊन बाहेर गेले. ती कान देऊन बसली. भाऊजींची दया येत होती आणि, देवा, आनंदही होत होता. आता बशी सरकणार. आता दुसऱ्या कुणालातरी कळणार, की चौतीस वर्षं या घरात काय चाललंय आणि ते फक्त तिलाच जमतं.

पाचेक मिनिटं गेली. मग बशी टेबलावर सरकल्याचा आवाज आला.

"परत," काटकोनराव म्हणाले.

ती उठलीच. भाऊजींना सावरायला हवं होतं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

बशी रिकामी होती. काटकोनरावांच्या हनुवटीला टोमॅटोची बी चिकटली होती आणि ते हसत होते.

"परत एक कर रे. मस्त झालंय."

भाऊजी खुशीत आत गेले. ती तिथेच उभी राहिली.

"कडा होत्या त्याला," ती म्हणाली.

"हो."

"कोपऱ्यात लोणी नव्हतं. काकडीला सालं होती."

"दिसलं की मला."

"मग?"

काटकोनरावांनी रुमालाने हनुवटी पुसली. "अगं, तो आपणहून करतोय. त्याला नावं कशी ठेवायची? तो काय बायको आहे?"

तिच्या तोंडाशी खूप आलं. पण आतून भाऊजींचं गुणगुणणं ऐकू येत होतं, म्हणून ती वळून आत गेली.

सहा आठवडे काटकोनरावांनी कडांसकट खाल्लं आणि एकदाही नाक मुरडलं नाही. भाऊजी गेले, प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता आणि मनगट अजून ठणकत होतं. दुसऱ्याच दिवशी चार वाजता काटकोनराव टेबलाशी येऊन बसले.

तिने ताजा पाव घेतला. लोणी मधोमध थापलं. काकडी सालासकट चिरली, टोमॅटोच्या बिया काढल्या नाहीत, कडा तशाच ठेवल्या. सुरी मधूनच सरळ फिरवली आणि बशी नेऊन टेबलावर ठेवली.

काटकोनरावांनी बशीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. दोन बोटांनी बशी पुढे सरकवली.

"परत."

ती आत गेली. थोड्याच वेळात बाहेर आली आणि पहिल्या सँडविचशेजारी दुसरं ठेवलं, हुबेहूब तसलंच.

"हे काय?"

"परत म्हणालात ना? घ्या."

काटकोनरावांनी बशीला हात लावला नाही. ती स्वयंपाकघरात आली, कपात चहा ओतला आणि सवयीने ओट्यावर हात फिरवला. आज कडा नव्हत्या. तिने स्टूल ओढलं आणि बसून नुसताच चहा प्यायला.