पाखाडीच्या वळणावरचा खांब

"न्हाई वळत, मॅडम. आजून हातभर रेटला तर म्हातारीची भित्त घिऊन जाईल," सयाजी मुकादम म्हणाला आणि सगळ्यांनी खांद्यावरचा खांब पायरीवर टेकवला.

दापोलीपलीकडच्या त्या समुद्रालगतच्या गावात वरच्या वाडीला जायला पाखाडी होती, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची अरुंद वाट. मधल्या वळणावर एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला भागी आजीचं घर. पंचवीस फुटी लोखंडी खांब तिथून आडवा न्यायचा तर आधी तो वाकवावा लागला असता. क्रेन खाली डांबरी रस्त्यावर शोभेला उभी होती. वादळाला एकोणीस दिवस झाले होते. खालच्या वाडीत दिवे आले होते, वरच्या वाडीला अजून चार खांब हवे होते, आणि सांगलीकडच्या आष्ट्याहून आलेल्या या आठ जणांच्या टोळीला उद्या सकाळी परत निघायचा हुकूम होता.

"मग ही वाडी पावसाळ्यानंतर," संयोगिता मॅडम म्हणाल्या. त्या विजेच्या कामावरच्या तरुण इंजिनिअर. बोलताना त्यांनी नजर खालीच ठेवली. "दिवाळीपर्यंत होईल."

हे ऐकून भागी आजी ओटीवरून उतरली. वाडीची बोअर वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर होती आणि विजेवाचून मोटार गप्प होती. पागोळ्यांखाली हंडे लावावेत तर कौलंच जागेवर नव्हती. दीडशे पायऱ्या उतरून खालच्या विहिरीवरून पाणी आणायचं, हा रोजचा धंदा झाला होता.

"दिवालीपातूर माझं गुडघं टिकायचं नाय, बाय," आजी एवढंच म्हणाली.

टोळीच्या मागच्या टोकाला गुंडा उभा होता. वय बावन्न, काम खड्डे खणायचं. खड्डा किती खोल गेला, याखेरीज तीस वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्यानेही आपण होऊन काही सांगितलं नव्हतं. आज मात्र तो घसा खाकरून म्हणाला, "खांब उभा न्हेऊया की."

दोघे-तिघे हसले. पण सयाजी हसला नाही. तो गुंडाच्याच गावचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला त्यांच्या गावची सासनकाठी जायची. घराहून उंच काठी, बुडाला तोलणारे गडी, चारी अंगांना दोर, आणि लाखभर माणसांतून ती उभीच्या उभी नाचत डोंगर चढायची. गुंडाचं म्हणणं त्याला पटकन कळलं, आणि त्याबरोबर दुसरंही काही आठवलं.

"चार सालामागं दोर कुणाच्या हातनं सुटला हुता, ध्येनात हाय न्हवं?"

गुंडाचा चेहरा उतरला. त्या वर्षी त्याचा दोर ढिला पडून काठी कलली होती. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून गावाने त्याच्या हातात दोर दिला नव्हता. तो नारळाची पिशवी घेऊन मागून चालायचा, आणि हे त्याला फार लागलं होतं.

"हाय की. म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला. "मी वर बघितलं हुतं. आभाळात ढग पळत हुतं, मला वाटलं काठीच पडतीया. घाबरलो. आज कुणी वर बघायचं न्हाई. मी बुडाला ऱ्हातो. समद्यांनी माज्या पायाकडं बघायचं."

"वर झाडं, फांद्या?" मॅडमनी विचारलं.

"वादळानं ठेवल्यात कुठं?"

खरंच होतं. माड-पोफळी आडव्या झाल्या होत्या आणि पाखाडीवर नुसतं आभाळ उरलं होतं. अडचण माणसांची होती. आठांनी भागणार नव्हतं, आणि कोरोनाच्या साथीच्या भीतीने वाडीची माणसं पंधरा दिवस टोळीपासून दहा हात लांब राहिली होती. जेवणसुद्धा गडग्यावर, अंगणाच्या दगडी कुंपणावर ठेवून मागे सरायची. आता वाडीचे प्रमुख, म्हातारे गावकर, तोंडावरचा पंचा घट्ट करून पुढे आले.

"शिमग्याला होळीचा माड आमी खांद्यावर नाचवीत आनतो नि उभा करतो. दोर आमच्याकडं द्या."

मॅडमनी एकवार खांबाकडे, एकवार आजीकडे पाहिलं. "चला," त्या म्हणाल्या.

खांब उभा राहिला. बुडाला आडवं लाकूड बांधून सहा जणांनी खांदे दिले आणि मधोमध गुंडाने खांबाला मिठी मारली. एक पायरी. दुसरी. वळणावर समुद्राकडून वारा आला, आणि पुढच्या दोरावरच्या वाडीतल्या गड्याने नको तेच केलं. त्याने वर पाहिलं. काळे ढग धावत होते.

"पडला, पडला," तो ओरडला आणि त्याचा दोर सैल पडला. आता खांब खरोखरच आजीच्या घराकडे झुकला.

गुंडाचीही मान वर जायला बघत होती. त्याने ती खांबाला दाबून धरली.

"माज्या पायाकडं बघ, गड्या," तो शांतपणे म्हणाला. "वड. ईतभर. आनी ईतभर. बास."

खांब सरळ झाला. गुंडाने पाऊल वळवलं, त्यामागे सगळ्यांनी वळवलं, आणि अडलेलं ते वळण मागे पडलं.

"जोतिबाच्या नावानं," सयाजीच्या तोंडून निघालं.

"चांगभलं," टोळी म्हणाली. पुढच्या पायरीला वाडीही म्हणाली. त्या चैत्रात टाळेबंदीमुळे यात्रा भरली नव्हती, काठ्या घराघरांत पडून होत्या. एक मात्र अशी जूनमध्ये, समुद्राकाठी चढत होती.

दिवस मावळायच्या आत चारही खांब असेच वर नेऊन रोवले, तारा ओढल्या. मॅडमनी फोनवर खाली वीज सोडायला सांगितलं आणि सड्यावरची मोटार गुरगुरली. वाडीभर दिवे लागले. माणसं हसत होती, काही रडत होती, आणि सयाजीने गुंडाच्या पाठीवर हात ठेवला.

भागी आजी दिव्याकडे बघायलाही थांबली नाही. तिने नळाखाली तांब्या धरला, भरला, आणि पायरीपाशी आली.

"पाय धू नि वर ये."

"लांबच बरं, आजी. ह्यो रोग..."

"गप ऱ्हव. पाय पुढं कर."

ती स्वतःच ओतू लागली. लग्नातला एक दिवस सोडला तर गुंडाच्या पायांवर कुणी पाणी घातलं नव्हतं. कुठे बघावं ते त्याला कळेना. तांबडा चिखल पायऱ्यांवरून खाली वाहत गेला. तांब्या संपला, तशी आजी पुन्हा नळाकडे वळली.