अर्धी बाटली ब्रेक ऑइल

वडिलांनी लाँचच्या चाकावरून हात काढून घेतला, त्याला आता सात महिने झाले होते. एकोणतीस वर्षे त्यांनी त्याच लाँचमधून माणसे पलीकडच्या काठाला नेली. आणि एका सकाळी, वारा नाही, लाट नाही, अशा आरशासारख्या पाण्यावर ती धक्क्यावर जाऊन आदळली. एका बाईचे मनगट मोडले. नंतर पाहिले तर चाक फिरवले की सुकाणू निमूट फिरत होते. "चाक फिरवायला मलाच उशीर झाला," वडील कोणी विचारण्याआधीच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आपला परवाना स्वतः नेऊन परत करून आले.

त्यांचा मुलगा मोटारींच्या गॅरेजमध्ये कामाला होता. बोलायचा इतका कमी, की तिथे आणि धक्क्यावरही त्याला सगळे मौनीबुवा म्हणत. शुक्रवारी लाँच घ्यायला गिऱ्हाईक येणार होते. त्याआधी सुकाणूच्या यंत्रणेतली तेलाची गळती काढून द्यायचे काम त्याने अंगावर घेतले, ते आईच्या सांगण्यावरून.

"लाँच गेली की हा माणूस खिडकीत बसून झिजून जाईल," आई म्हणाली होती. "चाक नीट झालेलं बघितलं तर मन फिरेल त्यांचं. अजून सौदा झालेला नाही. कर काहीतरी."

सोमवारी त्याने लाँचच्या तळाच्या फळ्या उचलल्या. चाकामागच्या पंपातून तेल दोन नळ्यांनी मागे जाते आणि तिथला सिलिंडर सुकाणूला ढकलतो; एवढीच ती रचना, एखाद्या साध्या मनासारखी. सिलिंडर उघडून त्याने आतल्या रबरी कड्या बाहेर काढल्या. त्या घट्ट, धारदार कडेच्या असायला हव्या होत्या. हाताला लागल्या त्या भिजल्या पावासारख्या, फुगलेल्या. तेल एका बाजूने दाबले की त्यांच्यातून दुसऱ्या बाजूला निसटत असणार. कधी निसटे, कधी नाही.

मग त्याला वास आला. रोज संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या हातांना येणारा, तो गोडसर वास.

गेल्या वर्षी वडील म्हणाले होते, "चाक जरा ढिलं वाटतंय रे." त्याने गॅरेजमधून ब्रेक ऑइलची अर्धी बाटली आणून पंपात ओतली होती. मोटारीचा ब्रेक ढिला पडला की तो हेच करी. तेल म्हणजे तेल.

तो चाकापाशी गेला. पंपाच्या झाकणावर रंगाचे थरांवर थर होते. दर वर्षी बापलेक मिळून लाँच रंगवत, आणि रंग देताना हात आखडता घ्यायचा नाही, हा वडिलांचा दंडक. त्याने पात्याने रंग खरवडला. खालून उठावाची अक्षरे वर आली: ब्रेक ऑइल घालू नये.

"काय मौनीबुवा, खजिना सापडला काय?" शेजारच्या लाँचवरचा खलाशी होता, त्याला सगळे जाड्या म्हणत; त्याने हाक मारली.

त्याने तळहाताने ती अक्षरे झाकली.

तीन दिवस तो खपला. नव्या कड्या, धुतलेल्या नळ्या, योग्य ते तेल. आत अडकलेली हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने चाक फिरवायचे, दुसऱ्याने मागचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपण्याची वाट पाहायची. त्याने वडिलांना बोलावले. "जाड्याला सांग," वडील म्हणाले आणि खिडकीकडे वळले. तेव्हा जाड्यानेच चाक फिरवले, वर टोमणाही मारला, "बापाचं चाक नि ड्यूटी आमची!"

गुरुवारी दुपारी त्याने वडिलांना कसेबसे धक्क्यावर आणले आणि एक कडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, तुम्हाला उशीर झाला नव्हता. मी ब्रेक ऑइल घातलं होतं. त्याने हे फुगलं. चाक फिरलं, पण सुकाणू फिरलंच नाही."

वडिलांनी कडी दाबून पाहिली. "रबर आहे. जुनं झालं की असंच होतं."

"जुनं रबर कडक होतं, बाबा. फुगत नाही."

वडील हसले; त्या हसण्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "लहानपणी शेजारच्या पोरांनी काच फोडली, तरी तू सांगायचास, मी फोडली. तुझी खोड काही जात नाही."

"खरंच सांगतोय मी."

"बरं, खरं धरू." वडिलांनी कडी त्याला परत दिली. "मग एकोणतीस वर्षं चाक धरलेल्या हाताला मागे सुकाणू वळत नाहीये हे कळू नये? अशा हाताचं करायचं काय, सांग."

त्याने कडी खिशात टाकली. रात्रभर ती बोटांत फिरवत तो जागा राहिला.

शुक्रवारी गिऱ्हाईक आले. त्याने चाक फिरवून पाहिले. "वा! लोण्यासारखं चालतंय," तो म्हणाला आणि सौदा झाला. दोर वडिलांनीच सोडला. लाँच मागे सरली, धक्क्याच्या कोपऱ्याशी आली आणि त्याला जराही न घासता अलगद वळली.

वडिलांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ," ते कौतुकाने म्हणाले, "किती वेळेवर फिरवलं त्याने."