पाच मार्कांचं उत्तर

टाचणी गंजलेली होती, आणि वहीच्या कोपऱ्यावर तिचा तांबूस डाग पडला होता... मार्तंडराव त्या डागाकडेच पाहत राहिले, कारण नजर वर केली असती तर समोर सत्यवती होती. कन्हानच्या खाणकामगारांचा वकील शालिकराम, त्यांचा जुना विद्यार्थी, आणीबाणी लागल्यापासून विनाचौकशी तुरुंगात. आणि ही त्याची बायको, सकाळी सकाळी रामदासपेठेत त्यांच्या घरी, त्याची लॉ कॉलेजातली वही घेऊन! रडली असती तर परवडलं असतं. समजूत घालून वाटेला लावता आलं असतं.

"सर, हे तुमीच लिहून देलं न त्यायले? सरकारी वकिलानं कोर्टात हेच वाचलं. तो बी तुमच्याच वर्गातला."

राष्ट्राची सुरक्षा कशात आहे हे शासनच ठरवील. न्यायालयाने त्यात पडू नये. — वीस वर्षं हेच वाक्य, पोरांची पेनं थांबेपर्यंत दोनदा सांगायचं... पुढं एक अपवाद होता. त्यांच्या प्रबंधात अकरा पानं होता, परदेशी विद्वानांनी पत्रं पाठवून वाखाणलेला : युद्धातसुद्धा, कोणत्याही देशात, धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगितलंच पाहिजे. पण पाच मार्कांच्या उत्तरात अकरा पानं कोण लिहिणार? गाळला. पोरं पास झाली. वर्गात हात वर केला होता तो या मूर्ख शालिकरामनंच — "सर, अन् मानूस निर्दोष असन तं?" "ते परीक्षेत नाही," म्हटल्यावर सगळा वर्ग हसला होता... मीही हसलो होतो.

"कोर्टात लिहून द्या सर, तुमच्या प्रबंधातलं पुढचं सांगाचं राहिलं होतं म्हनून. परवा तारीख हाय."

परवा. आणि तेरवा पोलीस माझ्या दारात! निवृत्तीला चौदा महिने उरलेत — हिचं काय जातं, नवरा आधीच आत आहे...

"बाई, वर्गातल्या नोट्सचा आणि कोर्टाचा काय संबंध?" ते खेकसले.

"मंग काहून शिकवलं?"

ती गेली. वही मुद्दामच ठेवून गेली, मेली.

अकरा वाजता वर्गात त्यांनी नेहमीसारखं ते वाक्य सांगितलं. दोनदा. मग अपवाद गाळायच्या नेहमीच्या जागी थांबले. पेनं थांबली, माना वर झाल्या. चाळीस पोरं — यातला कोण कोणाला आत घालणार, कोण जाणे. कोणी तरी हात वर करावा, असं त्यांना एकदम वाटलं. आणि मग शालिकरामला हसलेल्या त्या जुन्या वर्गाची त्यांना मनस्वी चीड आली. कोणीच हात वर केला नाही. पोरं मुकाट्यानं पुढच्या वाक्याची वाट पाहत होती, आणि त्या थांबलेल्या पेनांची त्यांना आज पहिल्यांदाच भीती वाटली.