बशीतली चव

दादा, आमचे वडील, कार्तिकात गेले आणि चैत्र लागताच मालोजीचं पत्र आलं. 'अक्कास साष्टांग नमस्कार. बागेची जमीन मोकळी करायची आहे, तरी एकदा येऊन जावे.' मोकळी! जणू दादांनी ती इतकी वर्षं कैदेत ठेवली होती.

मालोजी माझा धाकटा भाऊ. रहाटणीचं घर आणि शेती त्याच्याकडे. मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवते. रविवारी सकाळच्या गाडीने चिंचवडला उतरले आणि तिथून चालत गेले. वाटेत त्याच्याशी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं. घरी पोहोचून बोलायला लागले तेव्हा त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

बाग म्हणजे पवनेच्या काठची पाऊण एकराची पट्टी. गावात ज्यांनी द्राक्षं लावली त्यांनी हिरवी लावली, पातळ सालीची, पुण्याच्या मंडईत खपणारी. आमची काळी, बारीक, जाड सालीची आणि बियांनी भरलेली. दोन मणी तोंडात टाकणारा तिसरा टाकत नसे. दादांनी तरुणपणी पुण्यातल्या एका मिशनच्या बागेत माळीकाम केलं होतं. तिथले फादर प्रार्थनेला लागणारी वाइन स्वतः करत. त्यांच्याकडून दादांनी वेलींच्या काड्या आणल्या, पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवले आणि पुढे कित्येक वर्षं फळ मिशनलाच घातलं. मग फादर वारले, मिशनची मागणी थांबली, आणि पाठोपाठ दारूबंदी आली. दादांनी बाग ठेवली. दरवर्षी दोन बरण्या वाइन करायची, झाकणावर मेण ओतायचं, कांद्याच्या चाळीत भुशाखाली ठेवायची. हा गुन्हा आहे हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि तरी सुट्टीत आले की मी त्यांच्याबरोबर बसून पीत असे.

"गिळायची घाई नको," ते म्हणायचे. "तोंडभर हिंडू दे आधी." फ्रान्समधल्या बागांबद्दल मी वाचनालयात जे वाचलेलं असे ते त्यांना सांगायची. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "त्यांच्याकडं पांगारा हाय का?"

मालोजीचं म्हणणं सरळ होतं. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झालाय, कामगारांची वसाहत वाढतेय, तिथे रोज टेम्पोभर भाजी खपते. फ्लॉवर लावला, टोमॅटो लावले, तर पाऊण एकर सोन्याची. त्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत बुरशी आंबवून औषध करतात, हे तो मला हात जोडल्यासारखं सांगत होता. दादाही आंबवतच होते, असं मी म्हटलं. त्याला ते आवडलं नाही.

"निदान चाखून तरी बघ," मी म्हणाले. "कशाच्या मुळावर घाव घालतोयस ते कळू दे."

तो हसला. "बरं. तात्या नि मी, दोघं चव घेतो. पटलं तर बांधाकडची ओळ ठिवतो. शब्द."

बांधाकडच्या ओळीत अकरा वेल. मला तेवढे पुरे होते.

तात्या म्हणजे आमचे चुलते, उद्धवराव. ते ओसरीवर भिंतीला टेकून पोटावर हात फिरवत बसले होते, कारण सकाळपासून त्यांचा वायू अडला होता. मी चाळीतून बरणी आणली, मेण फोडलं, पातळ फडक्यातून वाइन गाळली. रंग पिकल्या जांभळाचा, कडेला किंचित विटकरी. वास आला आणि मला क्षणभर उगाचच पदर नीट करावा लागला. पुण्याहून साडीत गुंडाळून आणलेले काचेचे दोन पेले मी पुढे ठेवले.

"काचंला तोंड न्हाई लावायचो मी," तात्या म्हणाले.

मालोजीच्या बायकोने, रंभाने, फुलपात्र आणून दिलं. मी त्यात अर्धं भरून दिलं. "सावकाश, तात्या."

तात्यांनी मान मागे टाकली, तोंड उघडलं, फुलपात्र वीतभर वर धरलं आणि धार सोडली. अख्खी. कंठ एकदा हलला. फुलपात्र पालथं.

"कशी लागली?"

"कुटं लागली? सरळ खाली गेली."

"तात्या, चव बघायची होती!"

"आता भांड्याला ओठ लावून उष्टं करू व्हय गं? घरात बायामानसं हायत."

मी मालोजीकडे वळले. हा तरी शाळा शिकलेला. त्याने पेला घेतला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि वरून धार सोडली. अर्धी घशात गेली, थोडी नाकात. तो खोकत बसला.

"मालोजी, जिभेला लागायला नको का ती?"

"सवय हाय, अक्का. लहानपणापासनं दादांनीच लावली."

हे खरं होतं. दादा पाणी वरूनच पीत. फक्त वाइन कपाला ओठ लावून पीत, आणि तो कप वेगळा ठेवत. पण हे आता कुणाला सांगणार?

"हे बघ," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "वरून ओत हवं तर. पण तोंडात धर. लगेच गिळू नकोस. धर, आणि सगळीकडे फिरव."

त्याने आज्ञाधारकपणे वरून धार घेतली. गाल फुगले. वाइन त्याने या गालातून त्या गालात फिरवली, चांगली खळखळून, आणि मला वाटलं, आलं, आलं एकदाचं. तो उठला, ओसरीच्या कडेला गेला आणि पच्‌कन अंगणात चूळ टाकली. कोंबडी धावत आली.

"अरे, थुंकलास का?"

"तोंडात फिरवल्यावर गिळत्यात व्हय कुनी?" त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

मी डोळे मिटून घेतले. पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना मला इतका त्रास झालेला नाही.

तेवढ्यात तात्यांना ढेकर आला. लांबलचक, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. त्यांनी पोट चाचपून पाहिलं. चेहरा उजळला.

"मोकळं झालं! मालोजी, सकाळधरनं अडकलं व्हतं, मोकळं झालं! औषध हाय रं हे. थोरल्यानं कदी बोलून न्हाई दावलं."

"खरं म्हणताय तात्या?"

"तर! ठिव ती बांधाकडची ओळ. जेवल्यावर दोन पळ्या घेत जाईन."

मालोजीने कोंबडीकडे पाहत विचार केला. "ठिवायला काय हरकत न्हाई. पोलीसपाटलानं इचारलं तर सांगता यील, म्हाताऱ्याचं औषध हाय."

अकरा वेल वाचले होते. मी तिथे गप्प बसायला हवं होतं. एवढी पुस्तकं वाचली त्यातून तेवढी अक्कल यायला हवी होती. पण दादांनी जाड सालीच्या त्या द्राक्षांवर सारं आयुष्य घालवलं ते तात्यांच्या ढेकरासाठी, हे मला ऐकवेना.

"ते औषध नाही," मी म्हणाले.

"गुण आला की गं, सुमे."

"गुण येऊ दे. औषध नाही ते. तुम्ही कुणी चव घेतलेलीच नाही अजून."

रंभा चहा घेऊन आली. दोघांनी कपातला चहा बशीत ओतला, बशीला ओठ लावले आणि फुर्र करून ओढला. मी बघत राहिले.

"हे उष्टं नाही होत?"

"च्या हाय त्यो," तात्या म्हणाले. एवढं साधंही हिला कळत नाही, असा त्यांचा चेहरा होता.

मी मालोजीच्या हातातली बशी काढून घेतली, चहा अंगणात फेकला, बशी पदराने पुसली आणि तिच्यात वाइन ओतली.

"वन्सं, च्या वाया घालवला," रंभा म्हणाली.

"पी," मी मालोजीला म्हणाले.

बशी बोटांवर येताच त्याच्या हाताला आपलं काम आठवलं. त्याने आधी फुंकर मारली, वाइनवर. मग ओठ लावले आणि लांब भुरका मारला, वाऱ्यासकट. आणि थांबला.

भुवया जवळ आल्या. "तुरट हाय," तो म्हणाला. मग पुन्हा भुरका. "जांभळाची बी चावल्यागत." त्याने बशी ओठांपासून जरा दूर धरली. "न्हाई, थांब. नंतर येगळं लागतंय. जड. जिभंवरनं हालतच न्हाई."

"बघू," म्हणून रंभाने बशी त्याच्या हातातून घेतली. नवऱ्याचं उष्टं बायकोला चालतं. तिने लहान भुरका घेतला आणि स्वयंपाकात मीठ बघतात तशी जीभ टाळ्याला लावली. "मिरी हाय यात," ती म्हणाली. "आन खोबरं भाजताना कडा काळ्या पडत्यात बगा, त्यो वास. आंबट मागनं येतंय, आमसुलागत. मामंजी असलं करत व्हते?"

फादरांनीही याहून नेमकं सांगितलं नसतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी नुसती बशी पुन्हा भरली.

मालोजीने ती संपवली, निगुतीने, तळाचा थेंबही राहू न देता. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "अक्का, ही दारू हाय."

"वाइन."

"दारूच. आन चांगली हाय." तो आता हसत नव्हता. "औषध असतं तर कुनी वास काढत आलं नसतं. पर हे मला उद्या बी आठवंल. मला आठवंल, तर मी कुनाला तरी बोलंन, आन त्यो आनखी कुनाला. कारखान्याची पाळी सुटली की बांधावर रांग लागंल. मग पोलीस. माझी भाजी सायबाच्या वसाहतीत जाते, अक्का. न्हाई. सगळी बाग निघंल. बांधाकडची ओळ बी."

"पटलं तर ठेवीन म्हणाला होतास!"

"पटलं म्हनूनच की."

"आन माझं औषध?" तात्या म्हणाले.

मी बोलले. पुष्कळ बोलले. परवाना काढता येतो म्हणाले, वेल ठेव आणि फळ सडू दे म्हणाले, एकच वेल ठेव म्हणाले. मालोजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, आणि प्रत्येकदा नकाराचीच. तात्या भिंतीला टेकून झोपी गेले होते. रंभा कपबश्या उचलायला लागली तशी मालोजीने आपली बशी तेवढी हाताखाली धरून ठेवली.

"या बरन्या बी रिकाम्या कराव्या लागतील," तो म्हणाला.

मी गाळायचं फडकं अंगणात पिळलं.

"दादा तुला देत व्हते," तो बशीकडे बघत म्हणाला. "मला कदी म्हनाले न्हाईत, बस म्हनून."

"तू विचारलं नाहीस."

"त्यांनी बी न्हाई."

मी बरणी तिरकी करून त्याची बशी भरली, अगदी कडेपर्यंत, उचलता येणार नाही इतकी. तो खाली वाकला आणि जमिनीवरच्या बशीला ओठ लावून प्यायला लागला. कुदळी-पहारी घेऊन माणसं मंगळवारी येणार होती. मंगळवारी शाळेत परीक्षा आहे, मला येता यायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. परीक्षा आदल्या आठवड्यातच संपली होती.